आमच्या छोट्या भाषेत लांबी("बेळगाव") चं उत्तर किती यावं? १८, ६ की ४?

टिळकवाडी_कंपायलर
नमस्कार मंडळी. मी आणि माझा वर्गमित्र मिळून शाळेतल्या पोरांसाठी एक छोटी प्रोग्रॅमिंग भाषा करायलोय. कीवर्ड मराठीत पण चालतात आणि कन्नडमधे पण, म्हणजे ‘जर’ लिहा नाहीतर त्याचा कन्नड शब्द लिहा, आत टोकन एकच बनतं. आपल्याकडं एकाच गावात दोन्ही माध्यमाच्या शाळा असतात म्हणून पहिल्या दिवसापासून हे असंच ठेवलंय. आत्तापर्यंत आकडे, यादी, लूप आणि फंक्शन एवढंच होतं, आता पुढच्या व्हर्जनमधे मजकूर म्हणजे स्ट्रिंग नीट घालायचीय आणि तिथं आमचं दोघांचं जमेना.

लांबी("बेळगाव") काय द्यावं हाच वाद आहे. गो या प्रोग्रॅमिंग भाषेत len केलं की १८ येतं कारण ते बाइट मोजतं, यूटीएफ-८ म्हणजे मजकूर बाइटमधे साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. पायथनमधे ६ येतं कारण ब, एकार, ळ, ग, काना, व असे सहा कोडपॉइंट, म्हणजे युनिकोड या चिन्हांच्या जागतिक यादीत नंबर मिळालेली चिन्हं, आहेत. स्विफ्टमधे ४ येतं, बे-ळ-गा-व. कन्नडमधे ‘बेळगावि’ लिहून बघितलं तर हेच आकडे २१, ७ आणि ४ येतात.

मित्र म्हणतो ६ ठेवूया, सगळ्यात सोपं तेच. माझं मन ४ वर आहे. आणि त्याला चिकटून दुसरा प्रश्न, म = "बेळगाव" असेल तर म[०] ने, म्हणजे पहिली जागा मागितली तर, ‘ब’ द्यावा का ‘बे’ द्यावा, का असं लिहूच देऊ नये? एकदा लॅबमधे पोरांनी प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली की नंतर उत्तर बदलणं म्हणजे त्यांचे प्रोग्रॅम मोडणं, म्हणून आधीच विचारतोय.

उद्यमबाग_बॅकएंड
६ ठेव भावा. कारण सांगतो. पोरगं तुझ्या भाषेत वर्ष दोन वर्षं काढेल, त्यानंतर पायथनलाच जाणार, तिथं ६ दिसलं की गोंधळ नको. दुसरं म्हणजे कोडपॉइंट कधी बदलत नाहीत, युनिकोडनं एकदा चिन्हाला नंबर दिला की तो कायमचा, त्यामुळं आज ६ तर वीस वर्षांनी पण ६ च. ‘अक्षर’ कशाला म्हणायचं त्याचा नियम मात्र बाहेरच्या टेबलमधे असतो आणि ते टेबल दर व्हर्जनला बदलू शकतं. तिसरं, शाळेत इनस्क्रिप्ट कीबोर्ड असेल तर पोरगं ब ची कळ दाबतं मग एकाराची कळ दाबतं, बॅकस्पेस मारलं की पहिला एकारच जातो. म्हणजे ‘बे’ मधे दोन गोष्टी आहेत हे त्याच्या बोटाला आधीच माहीत असतं, त्याला ते लपवून ठेवायची गरज नाही. आणि वेगाचं बघायचं तर पायथननं ३.३ मधे २०१२ ला जी सोय केली ती चांगली आहे, स्ट्रिंगमधलं सगळ्यात मोठं चिन्ह बघून प्रत्येकाला १, २ नाहीतर ४ बाइट देतात, त्यामुळं म[५००] लगेच मिळतं, सुरुवातीपासून मोजत जावं लागत नाही.

चिकोडी_मास्तर
मी आठवीला कॉम्प्युटर शिकवतो, मराठी माध्यम. सर, तुमचं बोटाचं म्हणणं मान्य आहे पण पोरं फोनवर जास्त टाइप करतात, तिथं कुणाला इनस्क्रिप्ट माहीत नाही, ती रोमनमधे लिहितात आणि कीबोर्ड देवनागरी करून देतो.

वर्गात स्ट्रिंग शिकवताना पहिलं गणित कुठलं असतं, शब्द उलटा करा आणि मग दोन्हीकडून सारखा वाचता येतो का ते बघा. ‘नवीन’ घ्या. न-वी-न, कुठलंही पोरगं सांगेल की दोन्हीकडून सारखाच. कोडपॉइंटनं उलटा केला तर ‘नीवन’ येतो आणि प्रोग्रॅम म्हणतो सारखा नाही. ‘बेळगाव’ उलटा केला तर ‘वागळेब’, एकार ब वरून उठून ळ वर गेला आणि काना ग वरून व वर. पोराला वाटतं आपलं लॉजिक चुकलं, ते लूप तपासत बसतं आणि लूप तर बरोबर असतं! हे मी बघतोय, हुशार पोरं इथं हात टेकतात, मग ‘सर इंग्लिश शब्द घेतो ना’ म्हणतात. मराठीत प्रोग्रॅम लिहायची भाषा काढून पोरांना इंग्लिश शब्दावर पाठवायचं असेल तर ती भाषा काढायची कशाला? ४ च पाहिजे.

वडगावची_लेक
माझं काम टेक्स्ट प्रोसेसिंगचं आहे त्यामुळं जरा लांब लिहिते. तुमचा प्रश्न ‘तीनपैकी कुठलं’ असा आहे आणि मला वाटतं लांबी नावाचं फंक्शनच ठेवू नका. आमच्या वडगावात हातमागावर लुगडं विणणाऱ्याला किती झालं म्हणून विचारलं तर तो आधी विचारेल वार सांगू का नग सांगू, कारण घेणाऱ्याला एक लागतं आणि सूत आणणाऱ्याला दुसरं. तुमच्या भाषेनं पण लिहिणाऱ्याला तेच विचारावं. अक्षरे("बेळगाव") दिलं की ४, चिन्हे("बेळगाव") दिलं की ६, बाइट("बेळगाव") दिलं की १८. तिन्ही खरी उत्तरं आहेत, प्रत्येकाचा उपयोग वेगळा आहे.

हे मी नवीन काही सांगत नाही. राकू म्हणजे पूर्वीची पर्ल ६, त्यांनी मुद्दाम length ठेवलंच नाही, chars आणि codes असं वेगळं मागावं लागतं. एलिक्सिरमधे तर नावावरून खर्च कळतो, size म्हटलं की उत्तर आधीच साठवलेलं असतं, लगेच मिळतं, length म्हटलं की पूर्ण मजकूर चालत जाऊन मोजावं लागतं. ही शिस्त मला फार आवडते, कारण पोराला पुढं कधीतरी हे कळायलाच पाहिजे की काही गोष्टी विचारणं स्वस्त असतं आणि काही महाग.

आता गो चं १८ लोकांना विचित्र वाटतं पण त्याच्या मागं विचार आहे. यूटीएफ-८ च मुळात केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मधे काढलं आणि पुढं गो बनवणाऱ्यांत हेच दोघं होते, त्यांच्या दृष्टीनं स्ट्रिंग म्हणजे बाइटची ओळ, अर्थ लावायचा तो range लूपमधे लावा, तिथं एकेक कोडपॉइंट मिळतो. सर्व्हर लिहिणाऱ्याला ते बरोबर आहे, आठवीच्या पोराला नाही. जावा आणि जावास्क्रिप्टचं वेगळंच, ते आले तेव्हा जगातली सगळी चिन्हं १६ बिटात बसतील असं धरलेलं होतं, ते बसलं नाही, म्हणून आजही साध्या हसऱ्या इमोजीची length तिथं २ येते आणि आता ते कुणालाच बदलता येत नाही.

स्विफ्टचं ४ बघून तुम्ही खूश झालाय पण त्यांची वाट पण सरळ नव्हती. २०१४ ला आली तेव्हा स्ट्रिंग ही अक्षरांची यादी होती, २०१५ च्या स्विफ्ट २ मधे ते काढून टाकलं आणि अक्षरं पाहिजे असतील तर characters असं वेगळं मागा म्हटलं, २०१७ च्या स्विफ्ट ४ मधे परत यादी केली. एवढ्या मोठ्या टीमला तीन वर्षात दोनदा फिरावं लागलं. आणि पायथन तर माहीतच आहे, मजकूर आणि बाइट वेगळे करायला पायथन ३ निघाली डिसेंबर २००८ ला आणि पायथन २ चा सपोर्ट बंद व्हायला १ जानेवारी २०२० उजाडलं. स्ट्रिंगचा निर्णय असा असतो, म्हणून तुम्ही आधी विचारलंत ते फार बरं केलंत.

म[०] बद्दल माझं मत पक्कं आहे, लिहू देऊ नका. रस्टमधे s[0] कंपाइलच होत नाही. स्विफ्टमधे पण साधा आकडा चालत नाही, वेगळा इंडेक्स घ्यावा लागतो. कारण आकडा घालून मागितलं की वाचणाऱ्याला वाटतं हे लगेच मिळणार, आणि अक्षरं तर मोजत जाऊनच सापडतात. पोरांना प्रत्येक अक्षरावर लूप द्या, ‘पहिलं अक्षर’ आणि ‘शेवटचं अक्षर’ अशी दोन फंक्शन द्या, आणि यादी पाहिजेच असेल तर अक्षरयादी(म) करून मग त्या यादीवर [०] वापरू दे. तिथं खर्च कुठं झाला ते डोळ्याला दिसतं.

निपाणी_फुलस्टॅक
ताईंनी तीन वेगळी म्हटलं ते माझ्या कामाला पण लागतं. आम्ही दूध संस्थांसाठी एसएमएसचं सॉफ्टवेअर करतो. इंग्लिश मेसेजला १६० अक्षरं मिळतात, त्यात एक जरी देवनागरी अक्षर आलं की अख्खा मेसेज १६ बिटात जातो आणि मर्यादा ७० होते, लांब मेसेज तोडून जोडायचा असेल तर प्रत्येक तुकड्याला ६७. आणि हे ७० म्हणजे मास्तर म्हणतात ती अक्षरं नव्हेत, काना मात्रा वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं. शेतकऱ्याला ‘तुमच्या खात्यात रक्कम जमा’ एवढं कळवायचं तरी शब्द कापून बसवावे लागतात. तेव्हा फक्त ४ देणारी भाषा असती तर तिच्यात हे कामच करता आलं नसतं.

उद्यमबाग_बॅकएंड
तीन फंक्शन ठीक आहेत, मला आक्षेप नाही. पण नवशिक्यासमोर तीन दारं ठेवली की ते चौथ्याच ठिकाणी जाऊन धडकतं हे लक्षात ठेवा. निदान एरर मेसेज चांगला द्या. कुणी लांबी लिहिलं तर ‘असं फंक्शन नाही’ एवढंच म्हणू नका, त्याच मजकुरावर तिन्ही उत्तरं काढून दाखवा, म्हणजे पोरगं बघून निवडेल.

टिळकवाडी_कंपायलर
एरर मेसेजची आयडिया लगेच घेतली, खरंच भारी आहे. लांबी काढून टाकायचं यावर मित्र पण तयार झाला. पण काल अक्षरे() लिहून टेस्ट करायला बसलो तर नवीनच निघालं. आम्ही युनिकोडच्या नियमानं अक्षरं तोडणारी लायब्ररी वापरतोय. ‘क्षेत्र’ मराठीत दिलं तर २ येतं, क्षे-त्र, बरोबर. तोच शब्द कन्नड लिपीत दिला तर ४! कोडपॉइंट दोन्हीकडं सातच आहेत, एकास एक तेच. मग मित्राच्या लॅपटॉपवर जुनी लायब्ररी होती तिथं चालवून बघितलं तर मराठीत पण ४ आलं. आता हे कसं समजायचं, बग आहे का?

अथणी_फॉन्ट
बग नाही. जुन्या नियमात हलन्त आला की तिथं तुकडा संपायचा, म्हणून क्-षे-त्-र असे चार. सप्टेंबर २०२३ ला युनिकोड १५.१ आलं त्यात नवीन नियम घातला की व्यंजन, हलन्त, व्यंजन असं आलं तर मधे तोडू नका. पण तो नियम सगळ्या लिप्यांना एकदम लावला नाही, त्या यादीत देवनागरी, बंगाली, गुजराती, उडिया, तेलुगू आणि मल्याळम होत्या. कन्नड नव्हती. म्हणून तुझ्या मित्राकडं दोन्ही ४ आणि तुझ्याकडं एक २ आणि एक ४.

म्हणजे उद्यमबागवाले अण्णा म्हणत होते की टेबल बदलतं ते खरं ठरलं, त्यावर उपाय एकच, टेबलचं व्हर्जन भाषेच्या व्हर्जनला बांधून टाक. फाइलच्या पहिल्या ओळीत भाषेची आवृत्ती लिहायला लाव, रस्टमधे एडिशन असते तसं, आणि त्या आवृत्तीला कुठलं युनिकोड ते ठरवून दे. लायब्ररी परस्पर अपडेट झाली तरी जुना प्रोग्रॅम जुनंच उत्तर देईल. पायथनमधे युनिकोड ३.२ चा डेटा आजपण वेगळा ठेवलेला आहे, कारण डोमेन नावांचा एक जुना नियम त्याच व्हर्जनवर बांधलेला होता. जुनं सांभाळायला लागतं, त्यात लाजायचं काही नाही.

चिकोडी_मास्तर
व्हर्जन बांधा पण कन्नड माध्यमाच्या पोरांचं काय? आमच्या शेजारच्याच इमारतीत कन्नड शाळा आहे, लॅब दोघांची एक. तिथलं पोरगं पण क्षे-त्र असंच म्हणतं, त्याला ओत्तक्षर पहिलीपासून शिकवतात, खाली लिहिलेलं अक्षर वरच्याच अक्षराचा भाग आहे हे त्याला पाठ आहे. एकाच बाकावर दोन पोरं बसलीत, एकाला भाषा २ सांगते आणि दुसऱ्याला ४, तर दुसऱ्याला मी काय कारण सांगू? तुमची भाषा दोघांची आहे असं पहिल्याच ओळीत लिहिलंय तुम्ही. युनिकोडनं कन्नड घेतलं नसेल तर तुमच्याकडं घ्या.

वडगावची_लेक
मास्तर, तुमची तळमळ कळते पण इथं मी विरोधात आहे. स्टँडर्ड सोडून स्वतःचा नियम केला की तो कायम तुम्हीच सांभाळायचा. उद्या युनिकोडनं कन्नडसाठी थोडा वेगळा नियम केला तर तुमचा एक, त्यांचा एक आणि जुन्या प्रोग्रॅमचा तिसरा. शिवाय फोनवर कर्सर त्या शब्दात चार ठिकाणी थांबला आणि प्रोग्रॅम दोन म्हणाला तर ते पण पोराला सांगावंच लागेल. माझं म्हणणं आहे जे स्टँडर्ड देतं ते द्या आणि कन्नडसाठी वेगळं फंक्शन ठेवा.

अथणी_फॉन्ट
ताई, एक गोष्ट मात्र आहे, तो नियम ज्या कागदात लिहिलाय त्यातच म्हटलंय की भाषेच्या गरजेनुसार बदल करून घेता येतो. म्हणजे कन्नड यादीत घालणं हे स्टँडर्डच्या बाहेर जाणं होत नाही, फक्त आपण काय बदललं ते स्पष्ट लिहिलं पाहिजे. आणि वेगळं फंक्शन ठेवलं की ते फक्त कन्नड पोरांनी वापरायचं असं होणार, मराठीवाल्याला साधं नाव आणि कन्नडवाल्याला लांब नाव. ते मला पटत नाही.

निपाणी_फुलस्टॅक
मी अथणीवाल्यांच्या बाजूनं.

वडगावची_लेक
कागदातली सवलत मला माहीत आहे, माझा मुद्दा सांभाळण्याचा आहे. करायचंच असेल तर आवृत्तीला बांधून करा आणि नियम एकाच फाइलमधे ठेवा, कोडमधे जागोजागी ‘कन्नड असेल तर’ अशा अटी नकोत. आणि जाता जाता, तुलना करताना पण हा प्रश्न येणार हे आत्ताच बघून ठेवा. ‘दुसऱ्या’ हा शब्द लोक तीन प्रकारे टाइप करतात, ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरून, साध्या र खाली नुक्ता म्हणजे टिंब देऊन, नाहीतर र, हलन्त आणि न दिसणारा जॉइनर घालून, नेटवर तिसरा प्रकार ढिगानं सापडतो. कोडपॉइंट ७, ८ आणि ८. अक्षरे() तिन्हीला ३ च देईल, पण == लावलं तर? पायथन तिघांना वेगळं म्हणेल, स्विफ्ट पहिल्या दोघांना एकच मानेल कारण युनिकोडच्या हिशोबानं ते समान आहेत, तिसरा मात्र तिथंही वेगळाच राहतो. नावं शोधायचा प्रोग्रॅम लिहिणारं पोरगं इथं नक्की अडकेल.

टिळकवाडी_कंपायलर
दोघं रात्री बसून ठरवलं ते लिहितो. लांबी नाही. अक्षरे, चिन्हे, बाइट तीन. म[०] लिहिलं तर एरर आणि त्यात अक्षरयादी कशी करायची ते लिहून दाखवायचं. फाइलच्या सुरुवातीला आवृत्ती लिहिणं सक्तीचं, युनिकोड टेबल त्याला बांधलेलं. आणि कन्नड यादीत घालायचं, मास्तरांचा बाकावरचा मुद्दा आम्हाला दोघांनाही टाळता आला नाही. बदल एकाच फाइलमधे राहील, ताई. == साठी पहिले दोन प्रकार एक मानायचे हे नक्की, तिसऱ्याचं अजून ठरत नाही, कारण जॉइनर सरसकट काढून टाकला तर ‘दुसर्‍या’ मधला र रफार होऊन य वर चढतो आणि शब्दच बदलतो. त्यावर कुणाला सुचलं तर लिहा. टेस्टसाठी नवीन, स्त्री, राष्ट्र, क्षेत्रफळ, दुसऱ्या घेतलेत. ‘स्त्री’ म्हणजे १८ बाइट, ६ चिन्हं आणि १ अक्षर, वर्गात दाखवायला याच्यापेक्षा चांगला शब्द मला सापडला नाही.

अथणी_फॉन्ट
तिसऱ्या प्रकारासाठी जॉइनर नुसता काढू नको, र-हलन्त-जॉइनर असा तिन्हीचा गट दिसला की त्या जागी ऱ-हलन्त घाल, फक्त तुलनेपुरतं, मूळ मजकूर आहे तसा राहू दे.

आणि कन्नडच्या टेस्टमधे ‘सॉफ्टवेअर’ नक्की घे. कन्नडमधे तो शब्द लिहिताना ट च्या हलन्तानंतर झीरो विड्थ नॉन-जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडू न देणारं न दिसणारं चिन्ह, घालतात, नाहीतर व हा ट च्या खाली जाऊन बसतो आणि वाचता येत नाही. तुझा नवीन नियम व्यंजन-हलन्त-व्यंजन बघून तिथं पण जोडायला जाईल. देवनागरीच्या नियमात हा नॉन-जॉइनर मुद्दाम बाहेर ठेवलाय, तो आला की तुकडा तिथं तुटतो, कन्नडला नियम लावताना ती अट विसरू नको.